कालनिर्णय बघा आणि ओहोटीला निघा: मुंबईत लहान मुलांसोबत जवळपास फुकटातली सकाळ

तारापोरवाला मत्स्यालय बंद झाल्यापासून मुंबईत पोरांना समुद्रातलं काही दाखवायला न्यायचं कुठे हा प्रश्न दर सुट्टीला निघतो, मग कोणीतरी मॉलमधल्या प्ले झोनचं नाव काढतं, आणि तिथे तासाचे पैसे, मोजे विकत घ्या, मग वर पिझ्झा, असं करत करत बिल कुठे जातं ते सगळ्यांना माहितीये. माझं उत्तर एकच असतं, ओहोटीला समुद्रावर जा. भेळ खायला संध्याकाळी जातो तसं नाही हां. पाणी पार मागे गेलेलं असताना, उघड्या पडलेल्या वाळूत आणि खडकांत काय काय जिवंत आहे ते बघायला. तीन ते आठ वर्षांच्या पोरांसाठी याच्याइतकं स्वस्त आणि चांगलं या शहरात दुसरं काही मला तरी सापडलेलं नाही. खर्च म्हणजे लोकलचं तिकीट, तेही पाच वर्षांखालच्यांना लागत नाही आणि बारापर्यंतच्यांना अर्धं. खाऊ घरचा.

पण यात सगळी गंमत वेळेवर आहे. चुकीच्या वेळी गेलात तर नुसतं पाणी दिसेल आणि पोरं दहा मिनिटांत गोळ्याच्या गाडीकडे बघायला लागतील. म्हणून आधी वेळ कशी काढायची ते नीट सांगतो, बाकीचं सोपं आहे.

दिवस आणि वेळ कशी ठरवायची

भिंतीवरचं कालनिर्णय काढा. त्यात तिथी बघा. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. म्हणजे चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन, म्हणजे साधारण तीन वाजता भरती, दुपारी पण आणि पहाटे पण. अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वा अकरा. आणि भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. हा हिशेब अगदी मिनिटाला चालत नाही, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण मोबाईल हातात न घेता महिन्याचं प्लॅनिंग करायला एक नंबर आहे, आणि पहिली-दुसरीतल्या पोराला पाऊणकी शिकवायला यापेक्षा चांगलं निमित्त मिळणार नाही.

आता दुसरी गोष्ट, सगळ्या ओहोट्या सारख्या नसतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी चढतं पण खूप आणि उतरतं पण खूप. अष्टमी-नवमीला भांग असतो, तेव्हा पाणी धड चढत नाही धड उतरत नाही, त्या दिवशी जाऊन उपयोग नाही. म्हणजे आपल्याला हवेत अमावास्या-पौर्णिमेच्या आधीचे दोन आणि नंतरचे तीन दिवस. हा पट्टा महिन्यातून दोनदा येतो, त्यात शनिवार-रविवार कुठे बसतो ते बघायचं.

आणि वरचा हिशेब लावलात तर एक मस्त गोष्ट लक्षात येईल. प्रतिपदा, द्वितीया, तृतीया या दिवशी ओहोटी सकाळी पावणेसात ते सव्वाआठच्या दरम्यान येते, म्हणजे सकाळची पिकनिक. त्रयोदशी, चतुर्दशीला दुपारी चार-साडेचारला, म्हणजे दुपारची झोप झाल्यावर निघायचं. ज्यांची पोरं सकाळी उठतच नाहीत त्यांनी त्रयोदशी पकडावी. अमावास्या-पौर्णिमेच्या दिवशी संध्याकाळी साडेपाच-सहा, हिवाळ्यात तोवर अंधारायला लागतं म्हणून छोट्यांसोबत मी ते टाळीन.

जायच्या आदल्या दिवशी मात्र नेटवर मुंबईचा भरती-ओहोटीचा तक्ता नक्की बघा, त्यात अपोलो बंदर असं लिहिलेलं असतं, तोच आपला. वेळेसोबत मीटरमध्ये आकडा असतो. ओहोटीचा आकडा एक मीटरच्या खाली असेल तर निघायचं, दीड-पावणेदोन असेल तर झोपा काढा. दिवसातल्या दोन ओहोट्यांपैकी एक जास्त खोल असते, एक कमी, म्हणून हा आकडा बघणं गरजेचं, तिथीवरून ते कळत नाही.

महिने: ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात लहान पोरांना घेऊन खडकांवर जायचं नाही, त्यावर चर्चाच नको.

कुठे जायचं

पहिल्यांदा जात असाल तर जुहू. वाळू सपाट, पाणी लांबवर मागे जातं, पळायला जागा भरपूर, आणि पोरगं पडलं तरी वाळूत पडतं. गिरगाव चौपाटी पण चालेल, चर्नी रोड स्टेशनवरून चालत, दक्षिणेकडून येणाऱ्यांना सोयीची.

दोनतीनदा वाळू झाली, पोरं पाचच्या पुढची असली, की मग खडक. वांद्र्याचा कार्टर रोड त्यासाठी चांगला, ओहोटीला काळ्या खडकाचा मोठा पट्टा उघडा पडतो. आणि तिथे अजून एक सोय आहे, प्रोमेनाडच्या कडेला जिथे तिवरं आणि चिखल आहे तिथे खाली न उतरता, वरूनच निवट्या दिसतात. निवटी म्हणजे तो चिखलावर चालणारा मासा. पुढच्या परांवर रेटा देत सरकतो, मध्येच उडी मारतो, डोळे डोक्याच्या वर बसवलेले. अंग ओलं असेपर्यंत कातडीतून पण श्वास घेतो म्हणून पाण्याबाहेर राहू शकतो. दोन वर्षांच्या पोराला पण हे कळतं की मासा पाण्याबाहेर फिरतोय आणि काहीतरी भारी चाललंय. तिथेच चिखलात एक नांगी मोठी एक बारीक असे खेकडे असतात, मोठी नांगी नराची, ती हलवत बसतो. स्ट्रोलर घेऊन आलेल्यांनी इथेच थांबावं, वाळूत आणि खडकात स्ट्रोलर म्हणजे डोक्याला ताप.

हाजी अलीच्या खडकांत जीवसृष्टी खूप आहे पण छोट्यांना घेऊन मी सुचवणार नाही, निसरडं फार आहे. तिथल्या आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळ सुद्धा आहेत, 2020 मध्ये कोस्टल रोडच्या कामासाठी तिथल्या 18 प्रवाळांच्या वसाहती उचलून दुसरीकडे हलवल्या होत्या. मुंबईत प्रवाळ, हे मोठ्यांना सांगितलं तरी पटत नाही.

पिशवीत काय

मागे बंद पट्टा असलेल्या जुन्या सँडल किंवा जुने कॅनव्हास बूट. स्लिपर नको, चिखलात एक अडकते आणि दुसरी हातात राहते. अनवाणी तर अजिबात नाही, काचा असतात आणि खडकाला चिकटलेली कालवं, म्हणजे ऑयस्टरचे शिंपले, ब्लेडसारखी कापतात. टोपी, पाणी, एक कपड्यांचा जोड, टॉवेल, ओल्या कपड्यांना पिशवी, साबण, दोन-चार बँडेज. खायला कोरडं, चिवडा, थेपले, लाडू, काहीही ज्याला चमचा लागत नाही.

आणि एक पारदर्शक प्लास्टिकचा डबा, मिठाईचा किंवा ड्रायफ्रूटचा येतो तो, झाकण नको. याचा उपयोग फार थोड्या लोकांना माहितीये. खडकातल्या पाण्याच्या डबक्यात वरून बघितलं की आकाश चमकतं, आतलं दिसत नाही. डब्याचा तळ पाण्यावर हलका टेकवायचा आणि डब्यातून खाली बघायचं, सगळं स्वच्छ दिसतं. पोरं यावरून भांडतात म्हणून जितकी पोरं तितके डबे. जाळी, बादली, फावडं घरी ठेवा, ती दिली की पोरं पकडायच्या मागे लागतात आणि बघणं राहतं.

निघायच्या आधी पोरांना काय सांगायचं

लेक्चर नको, तीनच गोष्टी, ट्रेनमध्ये त्यांच्याकडूनच वदवून घ्यायच्या. बघायचं, उचलायचं नाही. दगड उलटला तर होता तसाच परत ठेवायचा, कारण खाली कोणाचं तरी घर असतं. आणि आईबाबांचा हात सुटला की आहे त्या जागी थांबायचं.

उचलायचं नाही याला मोठ्यांसाठी अजून एक कारण आहे. शंकूच्या आकाराचे सुंदर नक्षीचे काही शंख असतात, त्यातल्या जिवंत गोगलगायीला विषारी डंख असतो. मुंबईच्या किनाऱ्यावर पण ते आहेत. कुठला कोण हे ओळखत बसण्यापेक्षा कुठलाच शंख हातात घ्यायचा नाही हे सोपं.

तिथे पोचल्यावर

सगळ्यात खालच्या ओहोटीच्या तासभर आधी पोचा. पाणी उतरत असताना आपण त्याच्या मागेमागे खाली जायचं आणि पाणी फिरलं की वीस मिनिटांत वर यायला लागायचं. भरती सुरुवातीला हळू चढते, पहिल्या तासात वाटतं काहीच होत नाहीये, आणि मग तिसऱ्या-चौथ्या तासात भराभर येते, खडकावर असाल तर मागच्या खोलगट जागेत आधी पाणी भरतं आणि आपण पुढेच बघत असतो. मोबाईलला ओहोटीच्या वेळेचा अलार्म लावा. तो वाजला की परतीचा विषय सुरू.

वाळूवर पहिलं काम म्हणजे खाली बसणं. खरंच. ओल्या वाळूवर तुम्हाला मोहरी-साबुदाण्याएवढे वाळूचे हजारो गोळे दिसतील, एका बारीक भोकापासून चहूबाजूंनी रेषा काढत गेलेले. लोक ते तुडवत जातात. ते करणारा खेकडा नखाएवढा असतो, पाऊल वाजलं की भोकात. तिथून दोन हातांवर उकिडवं बसायचं आणि पोरांना सांगायचं की दोन मिनिटं पुतळा. मग आधी एक येतो, मग शेजारचा, मग बघावं तिकडे. दोन्ही नांग्यांनी भराभर वाळू तोंडात टाकतो, त्यातलं खाण्यासारखं चाळून घेतो आणि उरलेल्या वाळूचा गोळा करून मागे टाकतो, एक पाऊल सरकतो, परत तेच. पुढच्या भरतीला सगळं पुसलं जातं आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. चार वर्षांचं पोर पण यासाठी शांत बसतं, जे घरी जेवायला दोन मिनिटं बसत नाही ते.

मग शोधाशोध. वाळूवर रबरी कॉलर तुटून पडल्यासारखी एक गोल पट्टी दिसेल, मातकट, एका बाजूला उघडी. लोकांना प्लास्टिकचा कचरा वाटतो. ती एका समुद्री गोगलगायीची अंडी आहेत, वाळू आणि चिकट द्रव यांत बसवलेली. तिला हात न लावता बाजूने रेघ मारून गोल करा, पोरांना वाटतं आपण संरक्षण दिलं.

खडकात असाल तर डबकं निवडा, मोठं नको, परातीएवढं पुरे, आणि एकाच डबक्याशी पंधरा मिनिटं बसा. दहा डबकी बघत फिरलात तर एकातही काही दिसणार नाही. आधी सगळं रिकामं वाटतं. मग एक शंख चालायला लागतो. नीट बघा, गोगलगायीसारखा सरकत नसेल, तुरुतुरु पळत असेल तर आत खेकडा आहे. त्याच्या मागच्या अंगाला कवच नसतं म्हणून तो रिकामा शंख शोधून त्यात राहतो, आणि वाढला की मोठा शंख शोधतो, शब्दशः घर बदलतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्या मुंबईकर पोरांना हे पटकन समजतं. आणि मग रिकामे शंख पिशवीत भरून घरी का न्यायचे नाहीत हेही वेगळं सांगावं लागत नाही.

खडकाच्या सावलीच्या बाजूला जेलीचे गोळे चिकटलेले दिसतील, हिरवट, तपकिरी. ती समुद्रफुलं. पाण्याबाहेर मिटून बसतात, डबक्यात असली तर हात पसरलेले असतात आणि त्या हातांनी खाणं पकडतात. बोट घालायचा मोह सगळ्यांना होतो, मोठ्यांना जास्त. घालू नका.

तुमच्या नशिबात असेल तर कालवं काढणाऱ्या कोळी बायका भेटतील. त्या कामात असतात, मध्येमध्ये करू नका, पण लांबून "काय मावशी, आज मिळतंय का?" असं विचारलंत तर बहुतेक बोलतात, आणि कुठल्या कपारीत काय आहे हे त्यांच्याइतकं कोणालाच माहिती नसतं. फोटो काढायचा असेल तर विचारून.

प्राण्यांची नावं माहिती नसली तरी काही बिघडत नाही. पोरांना स्वतः नावं ठेवू द्या, खरी नावं नंतर. फोटो काढून आयनॅचरलिस्ट नावाच्या फुकट ॲपवर टाकलात तर जाणकार लोक ओळखून देतात. मरीन लाइफ ऑफ मुंबई या नावाने काही मंडळी किनाऱ्यावर फेऱ्या काढतात, त्यांच्यासोबत एकदा गेलात तर पुढच्या वेळी तुमची नजरच वेगळी असेल.

घाबरवत नाही, पण

घोट्याच्या वर पाण्यात जाऊ नका. पाण्यात चालायचंच झालं तर पाऊल उचलून टाकू नका, वाळूत घासत न्या, म्हणजे तळाशी पाकट, म्हणजे शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा, असेल तर बाजूला होते. 2013 च्या गणेश विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर पाकटांचे डंख बसून बरेच लोक हॉस्पिटलात गेले होते, गर्दीत पाय पडले म्हणून. नुसत्या ओल्या वाळूवर हा प्रश्न नाही.

पावसाळ्यात जुहूला जेलीफिशसारखे निळे फुगे वाहून येतात, दिसायला गोड, खाली लांब निळा धागा. तो धागा लागला तर भयंकर आग होते, आणि किनाऱ्यावर मरून पडलेला असला तरी लागतो. लागलाच तर चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही, समुद्राच्या पाण्याने धुवून सरळ डॉक्टर.

आणि सगळ्यात साधी गोष्ट, आपला समुद्र घाण आहे. नाल्याच्या तोंडापासून लांब राहा, पायाला जखम असेल तर त्या दिवशी नको, आणि खाऊ काढायच्या आधी साबणाने हात. पोरांची बोटं तोंडात जातात हे गृहीतच धरायचं.

गोळा, भेळ, फुगे आणि खर्चाचं गणित

स्वस्त पिकनिक महाग होते ती शेवटच्या अर्ध्या तासात. घरून निघतानाच ठरवा, येताना एकच वस्तू, गोळा किंवा शेंगदाणे किंवा फुगा, आणि ती पोराने निवडायची. सकाळच्या ओहोटीचा हा एक मोठा फायदा, साडेसातला गाड्या लागलेल्याच नसतात.

घरी आल्यावर आंघोळीच्या आधी खिसे तपासा. तीन नियम सांगून झाले तरी एखादा शंख येतोच, आणि आत कोणी असेल तर दोन दिवसांनी अख्ख्या मजल्याला वास येतो. मग एक वही करा, तारीख, तिथी, पाण्याचा आकडा मीटरमध्ये, आणि जे पाहिलं त्याचं चित्र, कसंही. चार महिन्यांनी पोरं स्वतःच कालनिर्णय बघून सांगायला लागतात की बाबा, रविवारी द्वितीया आहे.

मुंबईबाहेर

पाऊणपटीचा हिशेब मुंबई आणि जवळच्या किनाऱ्याला बसतो, खाली जाल तशा वेळा बदलतात, तिथल्या लोकांना विचारा. अलिबागला ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं, सहा-सात वर्षांच्या पोरांसाठी ती भारी ट्रिप आहे, फक्त परत यायची वेळ जातानाच पक्की करून घ्या. गोव्यात पाण्याची चढउतार मुंबईपेक्षा बरीच कमी, त्यामुळे तिथे इतका मोठा पट्टा उघडा पडेल ही अपेक्षा ठेवू नका, पण अंजुण्याला खडकांत बघण्यासारखं बरंच आहे.

आणि पावसाळ्यात?

मासळी बाजार. हसू नका. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते म्हणून त्यात माल कमी, ऑगस्टपासून जा, पण सकाळची गिऱ्हाइकांची गर्दी ओसरली की. पोरांना एकेक काम द्या: पाठीवर ठिपके असलेला मासा शोध, तो बांगडा. दोन्ही डोळे एकाच बाजूला असलेला शोध, तो लेप, लहानपणी त्याचे डोळे दोन बाजूंना असतात आणि मोठा होताना एक सरकत दुसऱ्या बाजूला येतो. तोंड पार मागपर्यंत फाटलेला आणि हातात धरला तर लोळागोळा होणारा तो बोंबील. मुशी, म्हणजे छोटा शार्क, मिळाली तर तिच्या पाठीवरून शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवायला सांगा, खरखरीत लागते, उलट दिशेने गुळगुळीत. हात लावायच्या आधी विचारायचं, आणि पाव किलो का होईना काहीतरी विकत घ्यायचं, नुसता तमाशा बघून निघालात तर पुढच्या खेपेला मावशी उभं करणार नाहीत. शाकाहारी असाल तर तसं सरळ सांगा, पोराला दाखवायला आणलंय म्हणून, आणि कोपऱ्यावरच्या टोपलीतून लिंबं-कोथिंबीर घ्या.